रुसणे, कोपणे आणि दुखावणे : पेडणे-डिचोलीच्या वाटेवरचे तीन शब्द

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका गावच्या देवस्थानातील मानाचा वाद आमच्याकडे सल्ल्यासाठी आला होता. वाद नेहमीचाच होता. जत्रेच्या दिवशी देवीपुढे पहिला नारळ कोणत्या घराने ठेवायचा आणि गाऱ्हाणे घालताना कोणत्या घराचे नाव आधी घ्यायचे, यावरून दोन घराण्यांत बोलणे बंद झाले होते. एका घराला सलग दोन वर्षे बोलावणेच गेले नव्हते. समोरच्या घरातील वडीलधारे गृहस्थ आम्हांला सहज म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, ते घर पहिल्यापासून रुसके. दरवर्षी कशावरून तरी रुसायचे आणि आम्ही समजूत घालायची. यंदा नाही घातली, एवढेच.’’ आमचे अशील सत्तरी उलटलेले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘आमी रुसाक नाय. आमका कोणी इचारूकच नाय.’’

कागदपत्रांचे काम यथाकाल झाले, पण हे दोन उद्गार आमच्या मनातून गेले नाहीत. सगळा वाद एका क्रियापदावर उभा होता. ते घर रुसले असेल, तर दोन गोड शब्द बोलले की प्रकरण मिटते. त्या घराला विचारलेच गेले नसेल, तर मात्र हक्काचा प्रश्न उभा राहतो आणि गोड शब्दांनी त्याचे उत्तर होत नाही. समोरचा माणूस रुसला आहे की त्याच्यावर अन्याय झाला आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एका देवळापुरता नाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या मराठी माणसाला तो पिढ्यान्‌पिढ्या भेटत आला आहे. म्हणून या शब्दाचा थोडा इतिहास येथे मांडत आहोत.

शब्दाचे घराणे

‘रुसणे’ हे संस्कृत ‘रुष्’ धातूचे मराठी रूप. ‘रोष’ आणि ‘रुष्ट’ हे शब्द त्याच धातूचे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘रुष्’ आणि त्यासारख्या धातूंचा स्वर दीर्घ होतो असा नियम सांगून ‘रूसइ’, ‘तूसइ’ अशी रूपे दिली आहेत. ‘रूसइ’ म्हणजे रुसतो आणि ‘तूसइ’ म्हणजे संतुष्ट होतो. मराठीने यांतले पहिले रूप घरात ठेवले आणि दुसरे जवळजवळ सोडून दिले. हिंदीतील ‘रूठना’ याच घराण्यातला, मात्र तो ‘रुष्ट’ या रूपावरून आला. कोकणीतले ‘रुसप’ आणि आमचे ‘रुसणे’ तर सख्खी भावंडेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंदी चित्रपटगीतांमुळे ‘रुसवा’ आणि ‘रुसवाई’ हे शब्द आपल्या कानांवर पडतात आणि ते आपल्याच ‘रुसव्या’चे भाऊबंद असावेत असे वाटते. तसे नाही. तो ‘रुसवा’ फारसी आहे आणि त्याचा अर्थ बेअब्रू झालेला, बदनाम. ‘उमराव जान अदा’ या १८९९च्या कादंबरीचे लेखक मिर्झा हादी यांचे टोपणनाव ‘रुसवा’ होते, ते याच अर्थाने. मराठी रुसव्यात बदनामी नाही. उलट आपला मान कोणीतरी राखील अशी आशा त्यात असते.

मूळ धातूत राग भरपूर आहे. ‘रोष’ हा तत्सम शब्द मराठीत आजही तितकाच जड आहे आणि ‘जनतेचा रोष’ म्हटले की सरकारने सावध व्हावे अशी अपेक्षा असते. त्याच धातूपासून झालेले ‘रुसणे’ मात्र मराठीत येताना हलके झाले. ते माजघरात, मुलांच्या पंगतीत आणि लग्नाच्या मांडवात जाऊन बसले. एकाच मुळाचे दोन शब्द असले, की तत्सम शब्द दरबारात जातो आणि तद्भव शब्द घरात राहतो, असे मराठीत अनेकदा घडते.

‘रुसका’ या विशेषणात हा हलकेपणा अधिक उतरला आहे. रडका, चिडका, भांडका या शब्दांच्या रांगेत तो बसतो. एकदा रडलेल्या मुलाला आपण रडका म्हणत नाही. रडण्याची ज्याला सवयच आहे, त्याला म्हणतो. तसाच रुसका म्हणजे कारण असो वा नसो, ज्याचे रुसणे ठरलेलेच आहे तो. त्यामुळे कोणाला रुसका म्हटले की या खेपेचे कारण काय होते हे पाहण्याची गरज उरत नाही. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर पुरावा नोंदवण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

कोण कोणावर रुसतो

मराठीत रागाच्या शब्दांची उतरंड आहे आणि तीत माणसाची पायरी स्पष्ट दिसते. देव कोपतो. जुन्या पत्रव्यवहारात सरकारची ‘इतराजी’ होते किंवा धन्याची ‘गैरमर्जी’ होते. लोकांत असंतोष पसरतो. आजचा पुढारी ‘नाराज’ होतो. मूल मात्र रुसते. बायको रुसते, धाकटा भाऊ रुसतो, जावई रुसतो, विहीण रुसते. राजा रुसला असे आपण क्वचित म्हणतो, आणि म्हटले तर त्यात थट्टा असते. वर्तमानपत्रांनी पुढाऱ्यांच्या नाराजीला ‘रुसवेफुगवे’ हा मथळा दिला, की वाचकाला न सांगता कळते की हे मागणे गंभीरपणे घ्यायचे नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक मोलाची आहे. परक्यावर कोणी रुसत नाही. बाजारात दुकानदाराने कमी मापले तर आपण चिडतो, भांडतो, तक्रार करतो, पण रुसत नाही. रुसण्यासाठी नाते लागते. समोरच्याने आपल्याकडे वळून पाहावे, आपली समजूत काढावी, ही अपेक्षा त्यात गृहीत असते. म्हणूनच मराठीत ‘रुसवा काढणे’ असा प्रयोग आहे आणि तो काढण्याचे कर्तव्य नेहमी दुसऱ्याचे असते. आपला रुसवा आपणच काढत नसतो.

पंढरपूरची लोककथा सर्वांना ठाऊक आहे. द्वारकेत रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली, तिचा शोध घेत देव आले आणि तेथेच राहिले. पंढरीत रखुमाईचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे का, याचे उत्तर भाविक याच कथेने देतात. डिचोली तालुक्यात साखळीजवळ विठ्ठलापूर येथे राणे घराण्याशी जोडलेले विठ्ठलमंदिर आहे आणि त्या भागात वारकरी परंपरा जुनी आहे. तेथील म्हाताऱ्या बायका या कथेतल्या रुक्मिणीला रुसकी म्हणत नाहीत. ‘रुसलेली’ म्हणतात. ‘रुसकी’ हा स्वभाव झाला आणि ‘रुसलेली’ ही घटना, जिला कारण असते. भक्तांनी देवालाच तिच्यामागे यायला लावले, यातच त्यांनी त्या रुसण्याचा न्याय केला आहे.

पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या गावऱ्हाटीत आणखी एक शब्द या कुळाशी जोडलेला आहे. तो म्हणजे गाऱ्हाणे. देशावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आमच्या पट्ट्यात मात्र देवापुढे सर्वांच्या वतीने मोठ्या आवाजात केलेली विनवणी म्हणजे गाऱ्हाणे, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर जमलेला गाव होकार भरतो. तीत चुकले-माकले असेल त्याची क्षमा मागितली जाते, मानकऱ्यांचा उल्लेख होतो आणि कोणाचे राहून गेले असेल तर तेही पदरात घे असे देवाला सांगितले जाते. म्हणजे कोणाचे तरी राहून जाणार, कोणीतरी दुखावला जाणार, हे त्या जुन्या व्यवस्थेने मुळातच धरून ठेवले होते. तक्रार आणि प्रार्थना यांना एकच शब्द असणे हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. ऐकणारा कोणीतरी आहे, हा विश्वास दोन्हींत आहे.

नव्या काबिजादी

पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांकडे उशिरा आले. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातल्या. डिचोली १७८१च्या सुमारास, त्यानंतर सत्तरी, आणि १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे, असा नव्या काबिजादींचा क्रम आहे. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि इन्क्विझिशनचे अखेरचे दिवस आले होते. १६८४ साली जुन्या काबिजादींत स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम निघाला होता. तसा अनुभव या तालुक्यांना आला नाही. येथे देवळे जागेवर राहिली, आणि त्यांच्याबरोबर पोथी, कीर्तन, मोडी कागद आणि मराठी शाळाही राहिल्या. डिचोली तालुक्यातच नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला होता, हे येथील माणूस आजही अभिमानाने सांगतो.

नव्या प्रजेच्या चालीरीतींना हात लावणार नाही, असे वचन पोर्तुगीज सत्तेने दिले होते. १८५३ साली नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी-रिवाजांची संहिता करण्यात आली आणि ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ज्यांचा कायदा, त्यांना तो त्यांच्या वाचण्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, एवढी समज त्या परक्या सत्तेलाही होती.

मात्र वचन देणे वेगळे आणि पाळणे वेगळे. १८५२ साली दिपाजी राण्यांचे बंड झाले आणि ते सुमारे साडेतीन वर्षे चालले. १८९५ साली मराठा शिपायांना समुद्रापार मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी बंड केले आणि दादा राणे त्यांना मिळाले. समुद्र ओलांडण्याचा विचारच ज्यांना सोसवत नव्हता, त्या शिपायांचे म्हणणे वरिष्ठांना अवाजवी हळवेपणाचे वाटले असेल. अखेर पोर्तुगालहून खुद्द राजबंधू दों आफोंसू यांना फौज घेऊन यावे लागले. ज्याला आपण रुसवा समजून दुर्लक्षितो, त्याचा रोष कधी होतो हे सत्तेला नेहमी उशिरा कळते. दोन्ही शब्दांचा धातू एक आहे, याची आठवण येथे होते.

देवस्थानांचा कारभार पुढे पोर्तुगीज नियमांखाली आला. १८८६ साली माझानींचे नियम झाले आणि १९३३ साली देवस्थान नियमावली झाली. महाजन कोण, त्यांचे हक्क कोणते, हे लिखित झाले आणि देखरेख सरकारी अधिकाऱ्याकडे गेली. पूर्वी पाकळीच्या कौलाने किंवा गावबैठकीत मिटणारे मानाचे तंटे आता मामलेदाराच्या कचेरीत जाऊ लागले. पोर्तुगीज भाषेत ‘आग्रावु’ असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ अपमान किंवा मनाला झालेली जखम, आणि दुसरा अर्थ वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा एक प्रकार. आमच्या ‘गाऱ्हाण्या’प्रमाणेच तेथेही दुखणे आणि दाद यांना एकच शब्द आहे. लवकर दुखावणाऱ्या माणसाला त्या भाषेत ‘मेलिंद्रोझु’ म्हणतात. म्हणजे दाद मागणारा आणि नुसता रुसून बसणारा यांच्यासाठी त्या भाषेने दोन शब्द वेगळे ठेवले. मराठीतही ते वेगळे आहेत. आपण ते वापरताना घोटाळा करतो.

कायद्याचे माप

आम्ही ज्या कायद्यात आयुष्य घालवले, त्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ९५व्या कलमाचा आशय असा, की सामान्य समज आणि सामान्य स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही, इतके क्षुल्लक नुकसान हा गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व ३३व्या कलमात आले आहे. रुसक्या माणसाच्या मापाने कायदा चालत नाही, असे हे कलम सांगते.

याच्या उलट दिशेने १९२७ साली दंड संहितेत २९५-अ हे कलम आले. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना हेतुपूर्वक व दुष्ट बुद्धीने दुखावणे, हा त्याचा विषय. त्यातील हेतूची अट फार महत्त्वाची आहे आणि चावडीवरच्या चर्चेत ती बहुधा गळून पडते. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल यांच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निवाड्यात एक माप घालून दिले. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल यावरून पाहावा, प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या दुबळ्या मनावरून नव्हे, असा त्याचा मथितार्थ. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हे माप स्वीकारले.

भाषेच्या अंगाने पाहता ‘भावना दुखावल्या’ हा प्रयोग विचार करण्यासारखा आहे. ‘माझे मन दुखावले’ असे म्हणणारा माणूस समोर उभा असतो. त्याची समजूत काढता येते, त्याची क्षमा मागता येते. ‘भावना दुखावल्या’ म्हणताना कर्ता दिसत नाही, आणि या भावना नेमक्या कोणाच्या हेही सांगावे लागत नाही. रुसवा काढायला माणूस लागतो. येथे माणूसच नसल्यामुळे तो काढायचा कोणाचा, हा प्रश्न पडतो. म्हणून असे प्रकरण अंगणातून उठते ते थेट पोलीस ठाण्यात जाते.

जनमत कौल आणि नंतर

आता अलीकडच्या इतिहासाकडे येऊ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर जनतेचे मत घेण्यात आले. गोव्यात या घटनेला ‘जनमत कौल’ म्हणतात, आणि देवाला पाकळ्या लावून विचारतात तोही कौलच. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांचा कल विलीनीकरणाकडे होता, परंतु एकूण कौल विरुद्ध गेला.

तेव्हा काय घडले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ज्या बाजूची हार झाली, ती रुसून घरी बसली नाही. थोड्याच आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा निवडून आला. ज्यांनी विलीनीकरणाला नकार दिला, त्यांच्यापैकी अनेकांनी राज्य चालवण्यासाठी त्यालाच होकार दिला असला पाहिजे. देवाने कौल दिला नाही म्हणून कोणी देऊळ सोडत नाही, ही येथील रीत त्या वर्षी राजकारणातही दिसली.

पुढे भाषेचा वाद पेटला, त्यात माणसे प्राणाला मुकली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत राजभाषा विधेयक मंजूर झाले. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीचाही सरकारी कामासाठी वापर करण्याची तरतूद त्याच कायद्यात ठेवण्यात आली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले.

या वादात दोन्ही बाजूंनी एकमेकांना ‘रुसके’ ठरवले, हे आम्ही त्या काळातील बोलण्यांतून जाणतो. कोकणी ही स्वतंत्र भाषा नसून बोली आहे, असे आमच्या बाजूचे लोक बेफिकिरीने म्हणत. आपल्या आईच्या भाषेविषयी असे ऐकून कोणाचेही मन दुखावेल, पण आम्ही त्याला हळवेपणा म्हटले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत आली, आणि ते दुखणे खरे होते हे ठरले. दुसरीकडे पेडणे-डिचोलीतील माणूस घरात कोकणी बोलतो, पण त्याचे भजन, दशावतार, नाटक, पोथी आणि पहिल्या इयत्तेची पाटी मराठीत आहे. त्याला ‘तुझी भाषा मराठी नव्हेच’ असे सांगितले गेले, आणि तो दुखावला तेव्हा त्यालाही रुसका म्हटले गेले. घरी एक भाषा बोलणे आणि देवापुढे दुसरीत उभे राहणे यात त्याला कधीच विसंगती वाटली नव्हती. ती इतरांनी दाखवून दिली.

सीमाभागातील आमच्या वाचकांना हे नवे नाही. मातृभाषेत सातबारा किंवा नोटीस मागितली, की ‘तुम्ही लोक फार लवकर मनाला लावून घेता’ हे उत्तर येते. या उत्तराशी भांडताना आपण फार वेळ आपल्या दुखावलेल्या मनाविषयी बोलतो. आमचा व्यवसायानुभव सांगतो, की तेथेच आपण हरतो. मनाविषयी बोलू लागलो की समोरचा समजूत काढू लागतो, आणि समजूत काढून मिळते ती सवलत. ती पुढच्या वर्षी काढून घेता येते. कलम कोणते, तरतूद कोणती, ती कोणत्या दिवशी पाळली गेली नाही, हे मांडले तर आपल्याला रुसके म्हणण्याची सोय कोणाला उरत नाही. गोव्यातील मराठीची तरतूद कायद्यातच लिहिलेली आहे. तिच्यासाठी रुसण्याची गरज नाही. तिचा अर्ज करण्याची आहे.

तरीही ‘रुसणे’ हा शब्द टाकून द्यावा असे आम्हांला वाटत नाही. ज्या दिवशी कोकणी आणि मराठी माणसे एकमेकांवर रुसणे थांबवतील, त्या दिवशी ती एकमेकांना परकी झालेली असतील.

त्या देवस्थानाचा वाद शेवटी निकालापर्यंत गेला नाही. तिसऱ्या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी समोरच्या घरातील तेच वडीलधारे गृहस्थ आमच्या अशिलांच्या अंगणात आले. समजूत काढायला आलो असे ते म्हणाले नाहीत. जत्रेची तिथी, वेळ आणि नारळाचा क्रम लिहिलेला कागद त्यांनी हाती दिला आणि त्यावर सही मागितली. म्हाताऱ्याने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, सही केली, आणि मग आत वळून चहा टाकायला सांगितला.